गाडीला बसवलेली जाळी पुन्हापुन्हा सुटते, गंजते, खडखडते: कारणं आणि उपाय

रत्नागिरीत आमची गाडी मांगराशेजारी, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये उभी असते. गेल्या चार वर्षांत मी तिला तीन ठिकाणी धातूची जाळी बसवली. पुढच्या बंपरच्या खालच्या तोंडाला, समोरच्या काचेखाली जिथून एसीचा ब्लोअर बाहेरची हवा ओढतो तिथे, आणि मागच्या बंपरआडच्या हवा बाहेर जाण्याच्या खिडकीला. बंपरची जाळी लावली ती महामार्गाच्या कामावरच्या खडीमुळे. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या एका खड्याने एसीचा कंडेन्सर, म्हणजे ग्रिलमागे असलेला एसीचा गॅस थंड करणारा भाग, फोडला, सगळा गॅस गेला आणि नवा कंडेन्सर घालावा लागला. बाकीच्या दोन जाळ्या उंदरांमुळे.

त्यातली बंपरची जाळी तीनदा सुटली. काचेखालची एकदा गंजली, एकदा तुंबली आणि त्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला झाला. हे सगळं मी घरच्या घरी, आणि अडलं की आमच्या गल्लीतल्या डेंटर काकांना विचारून निस्तरलं. तिसऱ्यांदा सुटलेली जाळी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "ताई, जाळीला काय झालेलं नाय. कड बघा कडेची." तिथून मी जाळीकडे बघायचं सोडून कडेकडे बघायला लागले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली.

बंपरची जाळी चिकटवली की दोन महिन्यांत सुटते

आधी बंपर कशाचा आहे ते बघा. बंपरच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. तिथे 'पीपी' किंवा 'पीपी+ईपीडीएम' अशी रोमन अक्षरं दिसली तर गोंदाचा विचार तिथेच सोडून द्या. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला काहीही नीट धरत नाही. झटपट चिकटणारा गोंद, दोन ट्यूबांचं इपॉक्सी, सीलंट, काहीही लावा, सुरुवातीला घट्ट वाटतं आणि मग सालपटासारखं पूर्ण निघून येतं. माझ्या पहिल्या जाळीच्या वेळी इपॉक्सीची अखंड पट्टी हातात आली. तिच्या पाठीवर बंपरच्या रेघांचा ठसा उमटला होता, बंपरवर मात्र तिचा कणही नव्हता. पीपीसाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो आधी लावला तर पकड बरीच सुधारते. ग्रिल एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं असेल तर इपॉक्सी चांगलं धरतं. पण एबीएसचं ग्रिल पीपीच्या बंपरमध्ये बसवलेलं असतं आणि आपण जाळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे चिकटवतो. मग एक बाजू राहते, दुसरी सुटते आणि सुटलेली बाजू फडफडून पहिलीलाही ओढून काढते.

दुसरं कारण ऊन. खनिज भुकटी मिसळलेलं पीपीसुद्धा उष्णतेने स्टेनलेस स्टीलच्या साधारण चौपट पसरतं. माझ्या बंपरचं खालचं तोंड ८० सेंटीमीटर रुंद आहे. पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात येईपर्यंत काळ्या प्लास्टिकचं तापमान ४० अंशांनी सहज वाढतं. तेवढ्यात प्लास्टिक २ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, जाळी मात्र अर्धा मिलिमीटर. हा दीड मिलिमीटरचा फरक रोज चिकटवलेल्या कडेवर येतो आणि रोज परत जातो. स्क्रू घट्ट आवळून टाकले तरी तेच होतं, फक्त तिथे गोंदाऐवजी प्लास्टिकला स्क्रूपासून तडा जातो. माझ्या दुसऱ्या जाळीचा शेवट असाच झाला.

आता टिकलेली रचना सांगते. जाळी मधोमध एकाच जागी पक्की धरायची. बाकी सगळीकडे तिला सरकायला जागा द्यायची. म्हणजे मधला एक स्क्रू नेहमीसारखा, आणि दोन्ही बाजूंच्या स्क्रूंसाठी प्लास्टिकमधली भोकं स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी, आडवी लांबट. त्याखाली रुंद वायसर आणि नायलॉनवाला नट, जो पूर्ण न आवळताही सुटत नाही. बोटाने जाळी ढकलली तर किंचित सरकली पाहिजे, वाजली नाही पाहिजे. भोकं पाडायची ती बंपरच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या पट्ट्यांना. मागच्या लोखंडी बीमला किंवा त्यावरच्या कुठल्याही सेन्सरच्या जवळपास ड्रिल नेऊ नका.

ड्रिल करायचंच नसेल तर ग्रिलच्या आडव्या दांड्यांना केबल टाय. तेही चालतात, माझ्या मावसभावाच्या गाडीला तीन वर्षं तेच आहेत. पण काळेच घ्या. पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होतात आणि वर्षभरात टणकन तुटतात. काळ्या टायमध्ये ऊन सोसणारा काळा रंग मिसळलेला असतो. साधारण १० सेंटीमीटरवर एक टाय आणि शेपूट आतल्या बाजूला कापलेलं. सायलेन्सरच्या नळीच्या जवळ नायलॉनचा टाय कधीच नको.

खडखड, किरकिर, शिट्टी

आवाज कधी येतो त्यावरून कारण शोधता येतं. खड्ड्यात गेल्यावर खडखडत असेल तर जाळीची कड प्लास्टिकवर आपटते आहे. ठरावीक वेगालाच गुणगुण किंवा शिट्टी येत असेल तर जाळीचा मधला भाग ताणाशिवाय मोकळा राहिला आहे आणि वाऱ्याने थरथरतो आहे. गाडी उभी असताना, इंजिन चालू असताना आवाज येत असेल तर जाळी कंडेन्सरला किंवा पंख्याच्या झापाला टेकली आहे, आणि ही गोष्ट उद्यावर टाकू नका. कंडेन्सर ॲल्युमिनियमचा असतो. पोलादी तार त्याच्यावर घासत राहिली तर नळी झिजते, आणि वर खाऱ्या हवेचा ओलावा असला की दोन वेगळ्या धातूंच्या टेकण्यामुळे ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. ज्याला वाचवायला जाळी लावली त्यालाच जाळीने भोक पाडायचं. जाळी आणि कंडेन्सर यांच्यात किमान ३ सेंटीमीटर अंतर ठेवा. वेगात जाळी आत दबते आणि बंपर कशाला जरा टेकला तरी आत जातो, हे धरून.

कडेला काय करायचं? जाळी तोंडाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी २ सेंटीमीटर मोठी कापा, त्यातला १ सेंटीमीटर पक्कडीने मागे दुमडा आणि दुमडलेल्या कडेवर रबराचं यू आकाराचं बिडिंग चढवा. सीट कव्हरच्या आणि ॲक्सेसरीच्या दुकानात ते मीटरवर मिळतं. या एका बिडिंगने माझी नव्वद टक्के खडखड गेली. विणलेली जाळी घेतली असेल तर दुमडण्याला पर्याय नाही, कारण कापलेल्या कडेची तार सुटी होते आणि एकेक करून उसवत जाते. वेल्ड केलेली जाळी उसवत नाही, पण तिची टोकं बोटं फाडतात. कानस फिरवा आणि हातमोजे घाला.

माप घेताना थेट पत्रा कातर हातात घेऊ नका. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, तो तोंडात बसवून बघा, वाकवा, पुन्हा तासा. बंपरचं तोंड सपाट कधीच नसतं, दोन्ही टोकांना मागे वळलेलं असतं. माझी पहिली जाळी मी सपाट कापून वाकवली होती आणि ती सतत सरळ व्हायला बघत होती. गोंदावर तो ताण वेगळाच.

स्टेनलेस म्हणून घेतली, तरी तांबूस डाग पडले

किनाऱ्यावरच्या सगळ्यांची ही तक्रार. याची तीन कारणं मला सापडली.

पहिलं, जाळी ३०४ची, म्हणजे स्टेनलेसच्या नेहमीच्या चांगल्या प्रतीची, नव्हती. बाजारात स्टेनलेस म्हणून स्वस्तात मिळणारा बराच माल २०२ या प्रतीचा असतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि खाऱ्या हवेत तो लवकर डागाळतो. लोक लोहचुंबक लावून बघतात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण २०२लाही चुंबक चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ची तार ओढून बारीक केलेली असली तर ती चुंबकाला थोडी ओढली जाते. चुंबकाने फक्त साधं लोखंड ओळखू येतं. बिलावर प्रत लिहून घ्या. समुद्र अगदी दाराशी असेल तर ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते क्षारांना टिकतं. महाग पडते, पण बंपरला लागते ती जेमतेम दोन हातांची पट्टी.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. आधी लोखंड कापलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर फिरवली तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजतात. जाळी निर्दोष, डाग उसने. नवी चकती वापरा, नाहीतर हाताची कातर. आणि ग्राइंडर गाडीपासून लांब चालवा. उडालेल्या ठिणग्या काचेत आणि रंगात रुतून बसतात आणि पुढे तिथेही गंजाचे ठिपके दिसतात.

तिसरं, सीलंट. काचेखालची माझी पहिली जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जीआयची होती आणि मी ती साध्या सिलिकॉनने बसवली. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो सिलिकॉन. त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते जस्ताला खातं. सहा महिन्यांत सिलिकॉनखाली पांढरी भुकटी आणि तिच्याखाली तपकिरी गंज. धातूवर लावायला न्यूट्रल प्रकारचा सिलिकॉन मिळतो, वास नसलेला, किंवा काच बसवणारे वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. जीआय जाळीचं आणखी एक आहे: जिथे जिथे कापता तिथे तिथे मुलामा संपतो आणि उघडं लोखंड राहतं. देशावर कोरड्या हवेत ती काही वर्षं निघेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे नाही निघत.

ॲल्युमिनियमची षटकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला सगळ्यात देखणी. तिला स्टेनलेसचे स्क्रू लावू नका, स्क्रूभोवती ती पांढरी पडून झिजते. लावायचेच असतील तर मध्ये नायलॉनचा वायसर. उंदरांसाठी मात्र ती बिनकामाची, पातळ ॲल्युमिनियम उंदीर कुरतडतो.

काचेखालची जाळी

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण चुकलं तर नुकसान मोठं आहे.

बॉनेट उघडलं की समोरच्या काचेच्या पायथ्याशी काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. वायपर त्यातूनच वर येतात. त्याच्या खाली पत्र्याचा लांब चर असतो. काचेवरचं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे खाली जातं. त्याच चरात, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ब्लोअरला हवा नेणारं तोंड असतं. उंदीर इंजिनच्या उबेला खालून वर येतो, चरात उतरतो, त्या तोंडातून केबिन फिल्टर फाडतो आणि गाडीत. एसी लावल्यावर मुताचा उग्र वास, फिल्टरवर लेंड्या, सुपारीची टरफलं, सीटमधला काढलेला कापूस. आमच्याकडे हे सगळं होतं.

साफसफाई करताना कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका. हातमोजे आणि मास्क घाला, आधी पातळ केलेलं ब्लीच फवारा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, फडकी फेकून द्या. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) दरवर्षी असतो आणि तो उंदराच्या मुतातूनही पसरतो. हाताला कापलेलं असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला सांगा.

जाळी लावण्याआधी उंदीर आत राहिलेला नाही याची खात्री करा. त्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवा. गाडी तेवढ्यापुरती चालवू नका. दोन रात्री बोळा जागचा हलला नाही तर बंद करा. हे न केल्यास आत अडकलेला उंदीर डॅशबोर्डामागे मरतो, आणि तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

जाळी किती बारीक हवी? मोठा उंदीर साधारण १२ मिलिमीटरच्या भोकातून जातो, पिल्लू किंवा घरातला लहान उंदीर ६ मिलिमीटरमधूनही. म्हणून पाव इंची वेल्डेड जाळी घ्यायची. तिची मोकळी जागा तार वजा जाता साडेपाच मिलिमीटरच्या थोडी वर राहते. ०.७ मिलिमीटरची तार धरली तर तोंडाचा ७९ टक्के भाग हवेला मोकळा राहतो. मच्छरदाणीची बारीक जाळी लावायचा मोह होतो, मलाही झाला. तिच्यातही दोन तृतीयांश भाग मोकळा असतो, पण धूळ, आंब्याचा मोहोर आणि फुलपाखरांचे पंख बसले की ती आठवड्यात बंद. ब्लोअर घरघरतो आणि हवा येत नाही. काचा धूसर होतात, त्याही पावसात, जेव्हा हवा सगळ्यात जास्त लागते.

आणि तुंबण्याचा माझा प्रसंग असा: मी जाळी हवेच्या तोंडावर न लावता सोपं म्हणून पूर्ण चरावर अंथरली होती, पाणी जाण्याच्या भोकांवरूनसुद्धा. जुलैत जांभळाची पानं तिच्यावर साचली, चर भरला, आणि पाण्याला उरलेली एकच वाट म्हणजे ब्लोअरचं तोंड. डाव्या बाजूचा गालिचा पिळण्याइतका भिजला. जाळी फक्त हवेच्या तोंडाला, उभी किंवा उतरती, म्हणजे पान त्यावर न थांबता घसरेल. पाण्याची भोकं उघडी. बसवून झालं की काचेवर दोन तांबे पाणी ओता आणि वाकून बघा, दोन्ही चाकांमागे धार पडली पाहिजे. एकाच बाजूला पडली तर दुसऱ्या भोकात माती आहे.

झाकण काढताना प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, त्यामुळे आधीच पाच-सहा नव्या आणून ठेवा. जाळी धरायला चरातल्या आयत्या नट-बोल्टांचाच आधार घ्या. पत्र्याला नवं भोक पाडू नका. पाडलंच गेलं तर कानस फिरवून, जस्ताचा प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. चरातला गंज बाहेरून दिसत नाही, दिसतो तेव्हा काच काढायची वेळ आलेली असते.

गाडी उभी करताना हवेचं बटण आतल्या हवेवर ठेवून किल्ली काढायची सवय लावा, आतली झडप बंद राहते. उंदीर ती कुरतडू शकतो, पण जाळीच्या मागे दुसरं दार असलेलं बरं.

मागच्या बंपरआड

दार लावताना आतली हवा बाहेर जायला मागे एक-दोन खिडक्या असतात, त्यांना रबराच्या पातळ पट्ट्या. त्या बाहेरच्या बाजूला उघडतात. जाळी बाहेरून टेकवून लावली तर पट्ट्या अडकतात आणि दारं जोरात आपटल्याशिवाय लागत नाहीत. आतून लावा, किंवा बाहेर लावायची तर बोटभर अंतर ठेवून.

कुठे जाळी लावायचीच नाही

दारांच्या आणि उंबऱ्याच्या खालच्या कडेची बारीक भोकं पाण्यासाठी असतात, ती बुजली की दार आतून सडतं. इंजिनला हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी नको, ती तुंबली की ओढ जाते. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ग्रिलमागे किंवा बंपरच्या मध्ये रडार असतं, पुढच्या वाहनाचं अंतर मोजणारं. त्याच्यासमोर धातूची जाळी आली की ते आंधळं होतं, आणि आपोआप लागणारा ब्रेक त्याच्यावर अवलंबून असतो. तुमच्या गाडीत ते कुठे आहे हे पुस्तिकेत बघितल्याशिवाय पुढे जाळी लावू नका.

इंजिनची खोली खालून उघडीच असते, ती कुठल्याच जाळीने बंद होत नाही. वायरी वाचवायच्या असतील तर शेडमधली कोंबड्यांच्या खाद्याची गोणी हलवा. आम्ही ती हलवल्यावर जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच फवाऱ्याने पडला नव्हता.

बसवल्यावरची परीक्षा

बंपरची जाळी लावली की सपाट रस्त्यावरच्या फेरीवर विसंबू नका. मी आंबा घाट चढवला, दुपारी, एसी चालू, चौघं बसलेले. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला नाही. तो वर सरकत असेल किंवा पंखा थांबतच नसेल तर जाळी फार बारीक आहे किंवा मळली आहे. ६ ते ८ मिलिमीटरच्या जाळीने खडीही अडते आणि हवाही जाते. धुताना पाणी आतून बाहेर मारा, हलक्या धारेने. जोराच्या प्रेशरने कंडेन्सरच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात.

सध्याच्या जाळीने दोन पावसाळे काढले आहेत. गेल्या महिन्यात उजव्या कोपऱ्यातलं बिडिंग उन्हाने कडक होऊन चिरलं होतं, तेवढंच बदललं. वीतभर तुकडा लागला.